आतल्या बाजूचा नंबर

टाकीमामांना कारखान्यातले सगळे जण मामा म्हणायचे, आणि त्या सगळ्यांत त्यांची सख्खी लेकही आली. घरी ती त्यांना बाबा म्हणे. पण फाटकातून आत पाऊल टाकलं, की मामा. पहिल्याच दिवशी तिने बापाला बजावलं होतं, "इथं मी तुमची लेक नाही, तुमच्या हाताखालची मदतनीस आहे. उगाच जेवलीस का, पाणी प्यालीस का, असं करत बसू नका." मामांनी ते इतकं मनावर घेतलं, की पुढचे दोन महिने ते तिच्यावर इतरांपेक्षा दुप्पट खेकसले.

मामा वेल्डर. चौतीस वर्षं एकाच छपराखाली, एकाच कोपऱ्यात, एकाच लोखंडी टेबलाशी. त्यातली पहिली एकोणतीस वर्षं त्यांनी टाक्या केल्या. हवेच्या, पाण्याच्या, वाफेच्या. माणूस आत उभा राहील एवढ्या मोठ्या आणि काखेत मावतील एवढ्या लहान. टाकीचं काम जोखमीचं. आत दाब असतो आणि दाबाला मुंगीच्या पायाएवढी फट पुरते. म्हणून तिथे एक जुनी रीत होती. प्रत्येक वेल्डरला एक नंबर दिलेला असे. जोड पुरा झाला, की त्याच्या शेजारी पत्र्यावर आपला नंबर ठोकायचा. त्यासाठी पोलादी ठसे असत, एकेका इंग्रजी आकड्याचा एकेक ठसा, बोटाएवढा लांब. तो पत्र्यावर उभा धरायचा नि वर हातोडी मारायची. उद्या टाकी गळली, तर हा जोड कुणाचा म्हणून गावभर विचारत फिरायला नको.

मामांचा नंबर सतरा. सतरा नंबरचा जोड आजवर गळला नव्हता. हे मामांनी स्वतःच्या तोंडाने कधी सांगितलं नाही. सांगायची वेळच यायची नाही, त्याआधी दुसरे सांगून मोकळे व्हायचे. आणि नंबर एकदा दिला, की तो माणूस गेल्यावरही दुसऱ्या कुणाला मिळत नसे. आता कारखान्यात नंबरवाले तिघेच उरले होते: मामा आणि दुसऱ्या टोकाला बसणारे दोघे, ज्यांचं एकमेकांशीही धड पटत नव्हतं. शेवटचा दिलेला नंबर एकतीस होता, आणि तो एकतीस नंबरवालाही कधीचाच सोडून गेला होता.

नंबर मिळवायचा तर आधी दोन वर्षं कुणा नंबरवाल्याच्या हाताखाली काढायची. मग परीक्षा. एक भांडं जोडायचं, त्यात पाणी भरायचं आणि पंपाने दाब वाढवत न्यायचा, ते फुटेपर्यंत. कुठे ना कुठे फुटणारच. पत्रा फाटला तर पास. जोड उघडला तर घरी.

पाच वर्षांपूर्वी टाक्यांची कामं आटली. लोकांना प्लास्टिकच्या टाक्या आवडू लागल्या. म्हातारे मालक गेले, त्यांचा मुलगा खुर्चीत बसला, आणि एके दिवशी तो एका बाईंना घेऊन आला. बाई डिझाइनर होत्या. कारखान्याने त्यांचं नाव आठवड्याभरात फुगेवाली बाई ठेवलं, कारण त्यांना हवे होते फुगे. स्टीलचे.

म्हणजे असं: स्टीलचे दोन पातळ पत्रे घ्यायचे, मशीनवर एकाच आकाराचे कापायचे, एकावर एक ठेवायचे आणि कडेकडेने सगळीकडून जोडून टाकायचे. मग एका बारीक तोटीतून आत पाणी सोडून दाब द्यायचा. पत्रे कुरकुरतात, आ वासतात, आणि बघता बघता त्या सपाट तुकड्याची टम्म उशी होते, कडांना चुण्या पडलेली. कुणी म्हणावं यात कापूस भरलाय, आणि हात लावावा तर गार स्टील. तशी स्टुलं, तसे आरसे, तशा फळं ठेवायच्या पराती. बाईंच्या म्हणण्याप्रमाणे ही घरात मांडायची शिल्पं होती. लोक ती हौसेने विकत घेत आणि वर बसतही असत.

मामांना हे पचायला एक वर्ष लागलं. जन्मभर त्यांनी एकच काळजी वाहिली होती, टाकीला फुगवटा येऊ नये. फुगवटा आला की टाकी भंगारात. आणि आता फुगवटा आला की बाई टाळ्या वाजवत. घरी बायकोला हे सांगितलं तेव्हा ती पदरात तोंड लपवून हसली. "एवढी वर्षं टाक्या सपाट ठेवल्यात, पोटाकडे मात्र लक्ष दिलं नाहीत," ती म्हणाली. मग नेहमीचा प्रश्न विचारला, "दमलात का?"

"छे," मामा म्हणाले. "कशानं दमायचं?"

हा प्रश्न आणि हे उत्तर त्यांच्या घरात रोज संध्याकाळी होई. ती चहाचा कप पुढे करी आणि विचारी, ते बूट काढता काढता छे म्हणत. माणूस दमलेला आहे हे तिला त्याच्या जिन्यावरच्या पावलांवरून कळलेलं असे. पण चौतीस वर्षांत मामांनी एकदाही हो म्हटलं नव्हतं, आणि तिनेही विचारायचं सोडलं नव्हतं.

फुगेवाल्या बाईंनी आल्या आल्या एक नियम केला. मालावर ओरखडा नको, डाग नको, आणि ते नंबरबिंबर तर मुळीच नको. मालकाने मान डोलावली. मामांनीही डोलावली. पण पहिलं स्टूल नंबराशिवाय हातातून गेलं, त्या दिवशी त्यांना जेवण गेलं नाही. हात न धुता ताटावर बसल्यासारखं वाटत राहिलं. दुसऱ्या दिवशी त्यांनी तोड काढली. दोन पत्रे एकावर एक ठेवण्याआधी, वरच्या पत्र्याच्या आतल्या बाजूला, खाली जाड लोखंडी ठोकळा घेऊन त्यांनी अगदी हलक्या हाताने ठसे मारले. एक. सात. मग पत्रे मिटवले आणि चहूबाजूंनी जोड घेतला. आता तो नंबर कुणाला दिसणार नव्हता. स्टूल कापल्याशिवाय कुणी आत बघू शकत नव्हतं, आणि स्टूल कापायला कोण जातंय? वरून तर रंगाचा जाड थर बसायचा. असे शेकडो सतरा लोकांच्या घरात गेले. मामांना तेवढ्याने झोप लागत होती.

लेक या कामात आली ती वयाच्या बत्तिसाव्या वर्षी. त्याआधी अकरा वर्षं ती त्याच कारखान्यात माल बांधायच्या विभागात होती, खोक्यांना चिकटपट्ट्या लावत. एक दिवस तिने मालकाला जाऊन सांगितलं, मला जोडकाम शिकायचंय. मालक म्हणाला, कुणी हाताखाली घेत असेल तर शीक. टोकाचे दोघे म्हणाले, आम्हाला जमायचं नाही. मामांनी दुसऱ्या दिवशी जोड घेताना डोळ्यांपुढे धरायची आपली जुनी काळी काच पुसून तिच्या हातात दिली.

ती शिकली. कौतुक करायचं मामांच्या जिभेला वळण नव्हतं, पण सहा महिन्यांनी त्यांचं खेकसणं कमी झालं, आणि तिला काय समजायचं ते समजलं.

मग मामांचे डोळे गेले.

गेले म्हणजे पुरते नव्हे, आणि तीच मोठी पंचाईत. डोळ्यांच्या डॉक्टरीणबाईंनी दिवा लावून आत बघितलं, पुन्हा बघितलं आणि म्हणाल्या, "मागचा पडदा मधोमध झिजलाय. कडेचं दिसत राहील."

"आणि मधलं?"

"मधलं परत येणार नाही, काका."

मामांना दरवाजा दिसे, दरवाजात उभ्या माणसाचे खांदे दिसत, तोंड दिसत नसे. टेबल दिसे, टेबलावरचा ठसा दिसत नसे. जिथे नजर लावावी तिथेच भोक. रस्त्याने चालायला अडचण नव्हती, जिना चढायला नव्हती. बघणाऱ्याला काही कळलं नसतं. पण जोड म्हणजे काय, तर एका टिंबाकडे बघत राहणं. वितळलेल्या धातूचा मसुराएवढा थेंब, तो पुढे पुढे न्यायचा. तो थेंब त्या भोकात पडून नाहीसा झाला होता.

त्यांनी तिथल्या तिथे काम सोडलं असतं. खरंच सोडलं असतं. इतका थकवा साचला होता अंगात, की डॉक्टरीणबाईंच्या खुर्चीत त्यांना क्षणभर सुटल्यासारखंसुद्धा वाटलं. पण लेकीची दोन वर्षं व्हायला अजून अकरा महिने होते. आपण गेलो, तर तिला हाताखाली घेणारं कुणी नव्हतं. झालेला वेळ पाण्यात, आणि ती पुन्हा खोक्यांना चिकटपट्ट्या लावायला. बसने घरी येताना त्यांनी तिला सगळं सांगितलं. ती म्हणाली, "सकाळचे सोपे तुम्ही घ्या. बाकीचे मी घेते. टेबल कोपऱ्यात आहे, कुणाला कळतंय?"

"आणि नंबर सगळ्यांवर सतराच मार," मामा म्हणाले. "तुला अजून नंबर नाही. बिननंबरी काम बाहेर जायचं नाही."

"बरं," ती म्हणाली.

तसे सात महिने गेले. मामा मान जरा तिरकी करून बसत, म्हणजे डोळ्याच्या कडेने थोडं तरी हाती लागे. बाकीच्यांना वाटे, मामांना ऐकू कमी येतंय. ते त्यांच्याशी ओरडून बोलू लागले. मामा मुकाट ऐकून घेत. दिवसाला एखाददुसरा जोड ते स्वतः करत. आवाजावरून करत, हाताच्या सवयीवरून करत. घामाने सदरा पाठीला चिकटे. उरलेला सगळा दिवस लेक काळी काच ओढून वाकलेली असे. ठसे मारणंही आता तिच्याकडेच होतं, कारण सात उलटा धरलाय की सुलटा हे मामांना समजत नसे. घरी बायको चहाचा कप आता समोर धरत नव्हती. त्यांच्या हातात नेऊन ठेवत होती. तिला कुणी काही सांगितलं नव्हतं. तिनेही काही विचारलं नाही, एका प्रश्नाखेरीज.

"छे," मामा म्हणत.

आणि नेमके चार महिने उरलेले असताना आरशाची ऑर्डर आली.

फुगेवाल्या बाईंचं प्रदर्शन होतं. चाळीस स्टुलं, आणि ह्या वेळी रंग नाही. नुसतं स्टील, घासून घासून आरशासारखं केलेलं, की बसणाऱ्याने खाली बघितलं तर स्वतःचं तोंड दिसावं. लेकीने मामांना हळूच विचारलं, "आतले ठसे वर तर नाही ना उमटायचे?"

"हलक्या हातानं मारलेला ठसा आरपार जात नाही," मामा म्हणाले. टाकीच्या जाड पत्र्याच्या बाबतीत ते शंभर टक्के खरं होतं. टाकीला आरशासारखं पॉलिश मात्र जन्मात कुणी केलेलं नव्हतं, आणि हा विचार एकोणतीस वर्षं टाक्यांत घालवलेल्या डोक्यात आला नाही. आला असता, तरी नंबर न मारता पत्रा मिटवायला त्यांचं मन धजलं नसतं. लेकीचंही धजत नव्हतं. रोग एकच.

चाळीस झाली. फुगली. मग ती पॉलिशवाल्याकडे गेली. पॉलिशवाला हा तोंड कायम काळं आणि माल कायम पांढरा असा गृहस्थ. सहाव्या दिवशी दुपारी त्याने मशीन बंद केलं, मालकाला हाक मारली, आणि मालकाबरोबर फुगेवाल्या बाईही आल्या, कारण त्या दिवशी त्या नेमक्या तिथेच होत्या.

स्टुलं खिडकीपाशी रांगेत मांडलेली होती. समोरून बघितलं तर काही नाही. पण जरा वाकून, खिडकीचा उजेड तिरका घेऊन बघितलं, तर प्रत्येक स्टुलावर, चुण्यांच्या जरा आत, दोन आकडे आरशातल्यासारखे उलटे तरंगत होते. फुंकर मारलेल्या काचेवर बोटाने लिहावं तसे. ठसा आरपार गेला नव्हता. पण जिथे तो बसला होता तिथला पत्रा कडक झाला होता, आणि बाकीचा ताणला गेला तेव्हा तेवढाच ताणायचा राहिला होता. पॉलिशने ते उघडं पाडलं. अजून घासलं, तरी ते जात नव्हतं.

"हे काय आहे?" बाई म्हणाल्या. त्या ओरडल्या नाहीत. ओरडल्या असत्या तर बरं, असा त्यांचा आवाज होता. "चाळीसच्या चाळीस? मी महिनाभर झोपले नाहीये यांच्यासाठी."

मामांना बोलावणं गेलं. ते आले, मागोमाग लेक आली. सगळे वाकून बघत होते म्हणून मामाही वाकले. त्यांना स्टुलांच्या चकचकीत कडा दिसल्या, खिडकी दिसली, मालकाचे बूट दिसले. पण काय झालं असेल ते त्यांना लगेच उमगलं.

"मीच ठोकलेत ते," ते म्हणाले. "माझी चूक आहे. सवय सुटली नाही."

"सतरा तुमचा, मामा, ते ठाऊक आहे मला," मालक म्हणाला. "पण हे बत्तीस कोण?"

मामांना वाटलं, मालकाने चुकीचं वाचलं. त्यांनी समोरच्या स्टुलाकडे नजर लावली, आणि नजर लावली तिथेच भोक पडलं. मग त्यांनी हात पुढे केला आणि अंगठा पत्र्यावरून सावकाश सरकवला. नखाला जाणवेल न जाणवेल एवढाच उंचवटा. पण सतरामध्ये गोलाई नसते. एक सरळ आणि सातही सरळ, चौतीस वर्षांची ओळख होती. अंगठ्याखाली एक वळण आलं, त्याखाली दुसरं वळण, आणि मग शेजारी अजून एक.

ते मागे वळले. लेक कुठे उभी आहे ते तिच्या खांद्यांवरून कळत होतं.

"ठसा बदलून लागला माझ्याकडून," ती घाईने म्हणाली. "मामांचा काही संबंध नाही."

"एखादा बदलून लागेल," पॉलिशवाला म्हणाला. तो वाईट माणूस नव्हता, फक्त मोजलेलं सांगायची त्याला खोड होती. "एकोणतिसांवर बत्तीस आहे. आणि सतरा अकरांवर."

अकरा. चाळिसातले अकरा जोड मामांनी स्वतः घेतले होते. रोज सकाळचा एक, कधी दोन. घामाने भिजून घेतलेले, त्यांना प्रत्येक आठवत होता. म्हणजे पोरीने सांगितलेलं ऐकलं नव्हतं. जे त्यांनी केलं त्यावर त्यांचा नंबर, जे तिने केलं त्यावर, कुणी न दिलेला, एकतिसाच्या पुढचा. सात महिने. बरं म्हणून मान डोलावली होती आणि मग स्वतःच्या मनाचंच केलं होतं. मामांना आधी राग आला. मग त्यांना आठवलं, की बाईंनी नंबर नको म्हटल्यावर त्यांनी स्वतः काय केलं होतं, आणि रागाचा जोरच गेला.

"बत्तीस म्हणजे ही," ते म्हणाले. "एकोणतीस हिने जोडलेत. मला मधलं दिसत नाही, मालक. सात महिने झाले. जोड दिसत नाही, आकडा दिसत नाही, तुमचं तोंड दिसत नाही. माझं सगळं काम हीच करतेय."

बाई शेजारच्या स्टुलावर बसल्या, मग ते प्रदर्शनाचं आहे हे लक्षात येऊन उठल्या, आणि मग आता काय उपयोग, असं मनाशी ठरवून पुन्हा बसल्या.

"सात महिने," मालक म्हणाला, "आणि मला आज सांगताय? हातात आग घेऊन बसता तुम्ही, मामा. काही झालं असतं म्हणजे?" तो खरोखर चिडला होता, आणि चिडण्याचा त्याला हक्क होता. "आजपासून तुमचं काम बंद. आणि हिची दोन वर्षं आता कशी पुरी व्हायची? बरं, ही सात महिने तरी कशी धरायची? हाताखाली म्हणजे कुणीतरी बघायला हवं ना. तुम्हाला दिसतच नव्हतं तर तुम्ही काय बघितलंत?"

प्रश्न बरोबर होता. लेकीने मान खाली घातली होती. चार महिने राहिले होते फक्त. त्यांना एकाएकी असं वाटलं, की इथेच खाली फरशीवर बसावं आणि पुन्हा उठू नये.

"माझ्या शब्दावर जाऊ नका," ते शेवटी म्हणाले. "बरोबर आहे तुमचं. पाण्याला विचारा. हिचा एक लावा पंपाला."

मालकाने बाईंकडे बघितलं. "न्या एक," बाई म्हणाल्या. "चाळीस काय आणि एकोणचाळीस काय. आता सगळ्यांना रंगच द्यावा लागणार."

"दोन न्यायचेत," मामा म्हणाले. "एक माझाही."

"तुमचा कशाला?"

"हिचा टिकला, तर उद्या कुणीतरी म्हणेल, त्यात काय, सगळेच टिकतात. शेजारी ठेवायला काहीतरी हवं."

"मामा, तुमचा नको," लेक म्हणाली.

"का नको?"

ती तोट्या आणायला वळली. काळ्या काचेतून ते अकरा जोड तिने बघितलेले होते, आणि ती काय सांगत नाहीये ते मामांना स्वच्छ ऐकू आलं.

मागच्या अंगणात जुना हातपंप होता, टाक्यांच्या वेळचा. टोकाचे दोघे नंबरवालेही काम टाकून आले आणि जन्मात पहिल्यांदा एकमेकांशेजारी उभे राहिले. लेकीने दोन्ही स्टुलांना भोक पाडून तोट्या बसवल्या. मामा नळी धरून तिच्याजवळ उकिडवे बसले होते. ती मान वर न करता, दुसऱ्या कुणाला ऐकू जाणार नाही अशा आवाजात म्हणाली, "माझा एखादा गळला असता, तर लोक सतरा गळला म्हणाले असते. म्हणून मारला नाही तुमचा."

"नळी घट्ट कर," ते म्हणाले.

आधी सतरा. पंपाचा दांडा मालक स्वतः मारत होता आणि पॉलिशवाला काट्याचे आकडे मोठ्याने वाचत होता. स्टूल फुगवताना काटा सहावर जाई. आठ झाले. दहा झाले. पत्रा कुरकुरला. मामा नळीच्या टोकाशी उभे होते, हात मागे बांधून. बारा. तेरा. आणि त्यांच्या पायावर गार पाण्याची चिळकांडी आली.

कुणी काही बोलायच्या आत त्यांना समजलं. फाटलेला पत्रा आवाज करतो. हा आवाज न करता उघडला होता. चौतीस वर्षांत पहिल्यांदा.

"जोड," मामा म्हणाले. "माझा जोड सुटला. वहीत मांडा तसं."

टोकाच्या दोघांपैकी एकाने टोपी काढली आणि उगाचच झटकली. मालक दांड्यावर हात ठेवून उभा राहिला. "मामा, ते काही धरायला नको," तो म्हणाला. आता त्याचा राग गेला होता.

"मांडा," मामा म्हणाले. "आणि दुसरं लावा."

मग बत्तीस. सहा, दहा, तेरा. सोळा. मालक धापा टाकायला लागला. दांडा एकतीस नंबरवाल्याच्या परीक्षेनंतर कुणी एवढा मारलाच नव्हता. टोकाचा एक जण पुढे झाला आणि त्याच्या हातातून दांडा घेतला. एकोणीस. बावीस. स्टुलाची मूळची चुणी न चुणी ताणून सपाट झाली. चोवीस, आणि मग धाडकन आवाज झाला, कावळे उडाले, सगळ्यांच्या अंगावर पाणी आलं.

सगळे पुढे धावले. मामा जागच्या जागी उभे होते. समोर माणसांच्या पाठी होत्या, आणि मध्ये काय ते भोकात.

"काय फुटलं?" ते म्हणाले. "अरे, कुणी सांगाल का? पत्रा का जोड?"

सगळे एकदम बोलत होते, म्हणून कुणाचंच समजत नव्हतं. मग कुणीतरी त्यांचं मनगट धरलं. तो ओला, भाजल्याच्या खुणा असलेला हात त्यांना ओळखीचा होता. लेकीने त्यांना स्टुलापाशी नेलं, त्यांचा अंगठा कडेवर टेकवला, आणि सोडून दिला.

मामांनी अंगठा फिरवायला सुरुवात केली. जोड बारीक होता, एकसारखा, दाण्याला दाणा लागून. एक कड झाली, वळण आलं, वळणावरही तो जाड झाला नव्हता. वरच्या पत्र्यात वीतभर लांब फट होती, तिच्या कडा धारदार वाकल्या होत्या. ती जोडापर्यंत आली होती आणि जोडाशी येऊन थांबली होती. मामांनी पूर्ण फेरी घातली. कुठेही सुटलेला नव्हता. त्यांनी दुसरी फेरी घातली, कारण हे काम त्यांनी सात महिने शेजारी बसूनही बघितलेलं नव्हतं.

"बत्तीस द्या हिला," मागून मालक कुणाला तरी सांगत होता. "वहीत लिहा आजच. आणि चाळीस... अडतिसांवर रंग चढवा."

मामा सरळ उभे राहिले. खिशात ठसे होते, एकचा आणि सातचा, रोजचे. ते त्यांनी काढले, चाचपून बघितले, आणि पुन्हा खिशात ठेवले. हा नंबर दुसऱ्या कुणाला द्यायचा नसतोच.

"बाबा," लेक म्हणाली. फाटकाच्या आत, सगळ्यांच्या देखत. "दमलात का?"

मामांनी तोंड उघडलं ते नेहमीच्या उत्तरासाठीच. पण ते आलं नाही.

"हो गं," ते म्हणाले. "फार दमलोय. चल, घरी ने मला."